इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे मुक्काम असताना एका दिवसाच्या कौटुंबिक सहली कशा आखाव्यात

लंडनमधील प्रेक्षणीय स्थळे पाहून झाली की, मुलाकडे, मुलीकडे किंवा भावंडांकडे महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या मराठी कुटुंबांपुढे शनिवार-रविवारच्या सहलींचा प्रश्न उभा राहतो. दक्षिण इंग्लंड अशा सहलींसाठी फार सोयीचे आहे. घर लंडन, स्लाव, रेडिंग किंवा स्विंडन येथे असेल, तर ससेक्समधील खडूचे पांढरे कडे, डॉर्सेटचा जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेला किनारा, न्यू फॉरेस्टमध्ये मोकळी फिरणारी तट्टे आणि कॉट्सवोल्ड्समधील पिवळसर दगडांची खेडी ही सर्व ठिकाणे साधारण दोन-तीन तासांच्या टप्प्यात येतात. मात्र येथे समुद्राच्या भरतीचे, दिवसाच्या उजेडाचे आणि गावातील स्वयंपाकघरांचे आपापले वेळापत्रक असते. ते आधी समजून घेतले नाही, तर दिवसाचा मोठा भाग गाडीत आणि रांगेत जातो. पुढील मार्गदर्शन आजी-आजोबा, त्यांची मुले आणि नातवंडे एकत्र निघणार आहेत असे गृहीत धरून लिहिले आहे.

पहिली पायरी: एका दिवसाला एकच ठिकाण

पुन्हा येणे होईल की नाही या विचाराने स्टोनहेंज, बाथ आणि कॉट्सवोल्ड्स एकाच दिवसात उरकण्याचा बेत अनेक घरांत आखला जातो. नकाशावर ही ठिकाणे जवळ दिसतात. परंतु स्टोनहेंजच्या शेजारून जाणाऱ्या ए३०३ रस्त्यावर उन्हाळ्यातील शनिवारी वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात, आणि खेड्यांमधील अरुंद रस्त्यांवर नकाशाने सांगितलेला वेळ बहुधा अपुरा ठरतो. म्हणून एका दिवसाला एक मुख्य ठिकाण आणि वेळ उरलाच तर त्याच्या अगदी जवळचे दुसरे, एवढाच बेत करावा, असे माझे ठाम मत आहे.

ठिकाण निवडताना घरातील सर्वांत कमी चालू शकणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी. गुडघे दुखत असतील, तर बोर्नमथ ही उत्तम निवड आहे. तेथे मऊ वाळूचा लांब किनारा आहे, त्याला समांतर सपाट पादचारी मार्ग आहे, आणि बसायला बाके व स्वच्छतागृहे आहेत. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून थेट रेल्वेने तेथे सुमारे दोन तासांत पोहोचता येते. ब्रायटन त्याहून जवळ आहे, पण तेथील किनारा गोट्यांचा आहे. अनवाणी चालताना पाय दुखतात आणि लहान मुलांना वाळूचे किल्ले करता येत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

पांढरे कडे पाहायचे असतील, तर सेव्हन सिस्टर्सला जावे. ब्रायटन आणि ईस्टबोर्न यांच्या दरम्यान धावणारी बस एक्सीट या थांब्यावर उतरवते. तेथून नदीच्या वळणांच्या कडेने समुद्रापर्यंत सुमारे दोन किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट जाते, आणि तिच्यावर बाबागाडीही ढकलता येते. कड्यांच्या माथ्यावरची वाट मात्र सतत चढ-उताराची आहे. ती तरुणांसाठी राखून ठेवावी.

डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनचा सुमारे १५५ किलोमीटरचा किनारा ‘जुरासिक कोस्ट’ म्हणून ओळखला जातो. साडेअठरा कोटी वर्षांचा भूगर्भीय इतिहास त्याच्या कड्यांमध्ये उघडा पडलेला असल्यामुळे २००१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या किनाऱ्यावरील डर्डल डोअर ही चुनखडकाची नैसर्गिक कमान सर्वांना पाहायची असते, पण वाहनतळापासून तेथे उतरणारी वाट तीव्र उताराची आहे, शेवटी पायऱ्या आहेत आणि परत येताना तोच चढ चढावा लागतो. त्यामुळे वडीलधाऱ्यांनी शेजारच्या ललवर्थ कोव्ह या गोलाकार खाडीपाशी बसावे, आणि ज्यांना जमेल त्यांनी टेकडी ओलांडून कमानीपर्यंत जाऊन यावे. दोन्ही गटांना समुद्र मिळतो आणि कोणाला कोणासाठी थांबून राहावे लागत नाही.

शाळकरी मुले सोबत असतील, तर याच किनाऱ्यावरील लाइम रीजिस आणि चारमथ यांचा विचार अवश्य करावा. मेरी ॲनिंग (१७९९ ते १८४७) ही सुताराची मुलगी लाइम रीजिस गावात जन्मली. तिने आणि तिच्या भावाने १८११-१२ च्या सुमारास इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधला, आणि १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. आजही येथे किनाऱ्यावर सुटे पडलेले अमोनाइट हे शंखाकृती जीवाश्म मुलांना सापडतात. चारमथ येथील केंद्रात जाणकार माणसे जीवाश्म कसे ओळखावेत हे सांगतात. सुटे पडलेलेच दगड तपासावेत आणि कड्यावर हातोडी कधीही चालवू नये, हा येथील नियम मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगावा.

दुसरी पायरी: भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे

नवख्या कुटुंबांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. कोकणातील माणसाला भरती, ओहोटी, उधाण आणि भांग हे शब्द नवे नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास पाणी भांगावर असते, हा नियम इंग्लंडमध्येही तसाच लागू होतो. तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढण्याची आपली पद्धत मात्र येथे चालत नाही. इंग्लंडच्या किनाऱ्याची रचना अशी आहे की शंभर-दीडशे किलोमीटरवरील दोन गावांच्या भरतीच्या वेळांत कित्येक तासांचा फरक पडतो. त्यामुळे ज्या गावी जायचे त्याच गावाचे त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे. छापील कोष्टक वापरत असल्यास आणखी एक काळजी घ्यावी: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत येथील घड्याळे एक तास पुढे असतात, आणि काही कोष्टके ग्रिनिच वेळेनुसार छापलेली असतात. अशा वेळी दिलेल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो.

पाणी किती चढते-उतरते, यातही मोठा फरक आहे. बोर्नमथला हा फरक दोन मीटरच्या आतबाहेर असतो, तर पश्चिमेकडील ब्रिस्टल खाडीत तो उधाणाच्या वेळी चौदा मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि जगातील सर्वाधिक फरकांमध्ये गणला जातो. मुंबईच्या समुद्रात उधाणाला सुमारे पाच मीटरची भरती येते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. याच खाडीवरील वेस्टन-सुपर-मेअर येथे ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की किनाऱ्यावरून पाणी नीट दिसतही नाही. अशा वेळी पाण्यापर्यंत चालत जाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वाळू संपल्यानंतर तेथे खोल चिखल लागतो, माणूस त्यात कमरेपर्यंत रुतू शकतो आणि परतणारी भरती वेगाने येते. समुद्रात पाय भिजवायचे असतील, तर वेस्टनला भरतीच्या दोन तास आधी पोहोचावे.

जीवाश्म शोधण्यासाठी किंवा कड्यांच्या पायथ्याने चालण्यासाठी नेमके उलटे करावे: पाणी ओसरत असताना निघावे आणि ओहोटीची वेळ होताच परतीला लागावे. सेव्हन सिस्टर्सच्या पायथ्याशी एकीकडे उभा कडा आणि दुसरीकडे चढता समुद्र अशा स्थितीत माणसे अडकतात आणि त्यांची सुटका करावी लागते. कड्याच्या माथ्यावरही काठापासून चांगले दहा-पंधरा पावले लांब राहावे. खडू ठिसूळ असतो, खालून पोखरलेला काठ वरून दिसत नाही, आणि छायाचित्रासाठी उभे राहण्याची जागा कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळू शकते. बीची हेड येथे हा कडा १६२ मीटर उंच आहे.

पोहण्याविषयी थोडे. दक्षिण किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यातही पाण्याचे तापमान साधारण पंधरा ते अठरा अंश असते. अरबी समुद्राची सवय असलेल्या माणसाचा त्या गारठ्याने श्वास अडकतो. म्हणून जेथे जीवरक्षक हजर आहेत अशाच किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरावे. पूर्ण लाल झेंडा असेल तर पाण्यात जाऊच नये. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा लाटांवरील फळ्यांसाठी राखलेला भाग दाखवतो. नारिंगी कापडी नळी फडकत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत आहे असे समजावे, आणि हवेने फुगवलेली खेळणी पाण्यात नेऊ नयेत. कोणी संकटात दिसल्यास स्वतः उडी न घेता ९९९ या क्रमांकावर फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागावा.

तिसरी पायरी: प्रवासाचे साधन

नातेवाइकांची गाडी असली, तरी प्रत्येक सहलीला ती आणि तिचा चालक गृहीत धरू नये. आठवडाभर काम करून शनिवारी पाच तास गाडी चालवणे थकवणारे असते. पाहुण्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी रेल्वेने स्वतंत्रपणे जावे, हे दोघांच्याही सोयीचे आहे, आणि त्या दिवशी गर्दीही कमी असते.

रेल्वेचे भाडे ऐनवेळी काढल्यास महाग पडते, पण सवलतीची कार्डे पाहुण्यांनाही मिळतात. ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्डावर चार प्रौढ आणि पाच ते पंधरा वयाची चार मुले एकत्र जाऊ शकतात. प्रौढांना एकतृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट मिळते, मात्र सोबत किमान एक मूल असावेच लागते. २०२५ पासून या कार्डाची वर्षाची किंमत ३५ पौंड आहे, आणि चार-पाच जणांच्या कुटुंबाची ती एक-दोन मोठ्या प्रवासांतच वसूल होते. आजी-आजोबा दोघेच निघणार असतील आणि त्यांचे वय साठ पूर्ण असेल, तर पासपोर्ट दाखवून ज्येष्ठांचे रेलकार्ड घेता येते. पाच वर्षांखालील मुलांना भाडे नाही. आठवड्याच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळेत लंडन परिसरात या सवलती लागू होत नसल्याने साधारण साडेनऊ-दहानंतरची गाडी धरावी. रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे रेल्वेऐवजी बस धावते का, हे आदल्या रात्री तपासावे. ज्येष्ठांना सामानासह अशी अदलाबदल त्रासदायक होते.

गाडीने जायचे असल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र आसन आणि पट्टा असलाच पाहिजे, मागच्या आसनावरील आजींनाही. मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, त्याला योग्य बालआसन लागते. भारतातून आलेल्या नातवंडांसाठी ते आधीच उसने किंवा भाड्याने मिळवून ठेवावे. भारतीय परवान्यावर पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, परंतु नातेवाइकांच्या गाडीच्या विम्यात आपले नाव घातल्याशिवाय चालवणे हा गुन्हा आहे. वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे त्या बाबतीत अडचण नाही. अडचण येते ती खेड्यांतील एकपदरी रस्त्यांवर, जेथे दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडे असतात आणि समोरून वाहन आले की कोणाला तरी मागे जावे लागते. शेवटच्या दहा मैलांचे काम त्या रस्त्यांची सवय असलेल्या माणसाकडेच असू द्यावे. वाहनतळावर उतरताच फलक पूर्ण वाचावा. अनेक ठिकाणी कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाचे पत्र पाहुणे परत गेल्यावर यजमानांच्या घरी येते.

नॅशनल ट्रस्ट ही १८९५ मध्ये स्थापन झालेली संस्था अनेक कडे, किनारे आणि जुने वाडे सांभाळते. यजमान तिचे सदस्य असतील, तर संस्थेच्या बहुतेक वाहनतळांवर त्यांना पैसे पडत नाहीत. बर्लिंग गॅप हे सेव्हन सिस्टर्सच्या टोकाचे ठिकाण त्यांपैकीच आहे. स्टोनहेंज ‘इंग्लिश हेरिटेज’ या दुसऱ्या संस्थेकडे आहे, तेथील तिकीट वेळ ठरवून आधीच काढावे.

चौथी पायरी: जेवणाची व्यवस्था

खेड्यातील पबमध्ये कुटुंबासह जेवता येते आणि मुलांचे स्वागत असते, पण दुपारी दोन-अडीचनंतर अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते आणि ते सायंकाळी सहाच्या सुमारास उघडते. तीन वाजता भुकेलेली मुले घेऊन पोहोचल्यास फक्त वेफर्स मिळतात. म्हणून साडेबारापर्यंत बसावे, आणि रविवारी तर आधी जागा राखूनच जावे. बहुतेक पबमध्ये टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून काउंटरवर स्वतः जाऊन मागणी नोंदवायची आणि तेथेच पैसे द्यायचे असतात. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी साधे पिण्याचे पाणी मागितल्यास ते विनामूल्य देणे बंधनकारक आहे; ते निःसंकोच मागावे.

शाकाहारी मंडळींनी काही गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. किनाऱ्यावरील चिप्स अनेकदा मासे तळलेल्याच तेलात तळलेले असतात, आणि काही दुकानांत तर तेलाऐवजी गाईची चरबी वापरतात. ‘शाकाहारी तेल आहे का आणि तळणी वेगळी आहे का’ हे दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रविवारच्या शाकाहारी भोजनावर ओतला जाणारा दाट रस्साही मांसाच्या अर्काचा असू शकतो. चीज, गमीसारख्या गोळ्या आणि काही मिठाया यांतही प्राणिजन्य घटक असतात, म्हणून वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण पाहावी. भाजलेला अख्खा बटाटा, त्यावर चीज किंवा टोमॅटोतील घेवडा, हा पदार्थ जवळजवळ सर्वत्र मिळतो आणि ज्येष्ठांना सोसतो.

दुपारच्या चहाबरोबर मिळणारे स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम मात्र चुकवू नये. हे क्रीम म्हणजे आपल्याकडे मंद आचेवर तापवलेल्या दुधावर धरलेली जाड साय असावी, तशा चवीचे असते. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. अंडे चालत नसल्यास स्कोनविषयी विचारून घ्यावे.

तरीही माझा सल्ला घरचा डबा नेण्याचाच आहे. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि थर्मासमध्ये चहा एवढे असले, की जेवणाची वेळ आणि जागा आपल्या हातात राहते. किनाऱ्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसावे, कारण तेथील मोठे समुद्रपक्षी हातातला घास उचलून नेतात. न्यू फॉरेस्टमध्ये २०२३ पासून शेगडी किंवा विस्तव पेटवण्यास तसेच तट्टांना खाऊ घालण्यास व हात लावण्यास बंदी आहे. ती तट्टे शांत दिसली तरी लाथ मारतात आणि चावतात. उरलेले अन्न व कचरा परत घरी आणावा.

पाचवी पायरी: पायवाटा आणि शेते

इंग्लंडमध्ये खासगी शेतांमधून जाणाऱ्या हजारो सार्वजनिक पायवाटा आहेत, आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना, पाहुण्यांनाही, आहे. खांबावरील पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालण्याची वाट. निळा बाण असल्यास तेथे घोडेस्वार आणि सायकलस्वारही येतात. पाट्या दिसल्या नाहीत, तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा उपयोगी पडतो. त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. मोबाइलचे जाळे दऱ्यांमध्ये वारंवार जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

शेताचे फाटक ज्या स्थितीत सापडले, त्याच स्थितीत सोडावे: बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. गाई आणि त्यांची वासरे यांच्या मधून कधीही जाऊ नये. आपल्याकडे गाईला हात लावून नमस्कार करण्याची सवय असते, पण येथील कुरणातल्या गाईंना अनोळखी माणसाच्या स्पर्शाची सवय नसते आणि वासरू सोबत असल्यास त्या अंगावर येतात. कॉट्सवोल्ड्समधील बायबरीसारख्या गावांत चित्रासारखी दिसणारी घरे ही राहती घरे आहेत. अंगणात शिरून किंवा खिडकीशी उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. गर्दी नको असेल, तर लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून सुमारे दीड तासात पोहोचणारे मोर्टन-इन-मार्श निवडावे. मंगळवारी तेथे मोठा आठवडी बाजार भरतो आणि स्थानकापासून तो चालत काही मिनिटांवर आहे.

कपड्यांबाबत एवढेच, की एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आणि छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जॅकेट बरे. किनाऱ्यावरील वाऱ्यात छत्री उलटते. साडी नेसणाऱ्यांनी गवतातील वाटेसाठी सलवार किंवा पँट आणि पकड असलेले बूट वापरावेत. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तर डिसेंबरमध्ये चारच्या आधीच, त्यामुळे हिवाळ्यातील सहल सकाळी आठला सुरू करून तीनपर्यंत संपवावी. स्वच्छतागृहे लहान गावांत लवकर बंद होतात. मार्गावरील मोठे सुपरमार्केट किंवा रोपवाटिकेचे उपाहारगृह आधी हेरून ठेवावे आणि सुटी नाणी जवळ असू द्यावीत. रविवारी मोठी दुकाने फक्त सहा तास उघडी असतात, हेही ध्यानात असावे.

घरी परतल्यावर

गवतातून किंवा जंगलातून, विशेषतः न्यू फॉरेस्टमधून, आल्यानंतर सर्वांचे पाय, काखा, गुडघ्यामागील भाग आणि मुलांच्या डोक्यावरील केसांची कड नीट तपासावी. गोचीड चिकटलेली दिसल्यास ती बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढावी. तिला पिळू नये, जाळू नये आणि तिच्यावर तेल ओतू नये. क्वचित प्रसंगी तिच्यातून लाइम रोगाचे जंतू शरीरात जातात, आणि चावलेल्या जागी एक ते चार आठवड्यांत पसरत जाणारा गोलाकार चट्टा उमटतो. इंग्लंडमध्ये असताना असे दिसल्यास १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर विचारावे. चट्टा भारतात परतल्यावर उमटला, तर डॉक्टरांना इंग्लंडमधील प्रवासाची आणि गोचीड चावल्याची तारीख आवर्जून सांगावी, कारण हा रोग आपल्याकडे फारसा आढळत नाही आणि विचारल्याशिवाय त्याची शंका सहसा येत नाही.